लेबल झाकून पाहावा असा संच: अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या २४ बरण्या आणि १६ स्लाइड

प्राण्यांचा नमुना-संच चांगला की वाईट हे ठरवायची सगळ्यांत सरळ रीत एकच आहे. बरणीवरचं लेबल कागदाने झाकायचं आणि आतला प्राणी नुसता बघून तो कोणत्या संघातला, कोणत्या वर्गातला हे सांगता येतंय का ते पाहायचं. लेबल वाचून ‘हा कंटकचर्मी’ (तारामाशाच्या संघातला) असं कुणीही म्हणेल. पण नालपाद (नळीसारखे बारीक पाय) दिसले, तोंडाची बाजू कळली, भुजा मोजता आल्या तरच त्या बरणीचा शिकायला उपयोग. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी विकल्या जाणाऱ्या या संचात २४ बरण्या, १६ कायमस्वरूपी स्लाइड, भिंतीवर लावायचा एक तक्ता आणि एक माहितीपुस्तिका येते. प्रत्येक वस्तू इथे याच कसोटीवर पाहिली आहे.

आधी द्रवाबद्दल, कारण या संचातले निम्मे दोष तिथूनच सुरू होतात. एक कोरडी बरणी सोडली तर सगळ्या २३ बरण्यांमध्ये एकच द्रव भरला आहे: १० टक्के फॉर्मलिन, म्हणजे १ भाग फॉर्मलिन आणि ९ भाग पाणी. फॉर्मलिन साठवणीत हळूहळू आम्लधर्मी होतं, कारण त्यातून फॉर्मिक आम्ल तयार होतं. जेलीफिशला किंवा नेरीस या समुद्री कृमीला त्याने फारसा त्रास होत नाही. पण ज्यांचा सांगाडा किंवा कवच कॅल्शियम कार्बोनेटचं आहे, म्हणजे चुनखडी कंटिका (सांगाड्यातल्या सुईसारख्या काड्या) असलेले स्पंज, शिंपले आणि तारामासे, त्यांचा तोच भाग या आम्लात विरघळत जातो, आणि ओळख पटवायला नेमका तोच भाग लागतो. बरणी उघडल्यावर पहिल्यांदा पीएच कागद बुडवावा. ७ च्या आसपास असेल तर ठीक. ६ च्या खाली गेला असेल तर चुनखडीचे नमुने त्याच दिवशी बाहेर काढावेत.

बाहेर काढून काय करायचं, हे पुस्तिकेत कुठेच नाही. नमुना वाहत्या पाण्यात किंवा दोन-तीनदा पाणी बदलत २४ तास धुवायचा, मग ३० टक्के, ५० टक्के आणि शेवटी ७० टक्के अल्कोहोलमध्ये टप्प्याटप्प्याने न्यायचा. थेट ७० टक्क्यांत टाकला तर मऊ प्राणी आक्रसतो. ९५ टक्के अल्कोहोलपासून ७० टक्के करायचं तर ७० मिलि अल्कोहोल घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने ९५ मिलिपर्यंत भरायचं. ज्यांना फॉर्मलिनच हवं आहे त्यांच्यासाठी उदासीन द्रव असा: १०० मिलि फॉर्मलिन, ९०० मिलि पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. हे दोन क्षार मुळातच घालून दिले असते तर पुढच्या अर्ध्या तक्रारी लिहाव्याच लागल्या नसत्या. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, त्यामुळे हे काम नायट्राइल हातमोजे घालून आणि हवा खेळती ठेवूनच करावं.

स्पंजाच्या दोन बरण्या आहेत. सायकॉन फॉर्मलिनमध्ये आहे आणि आंघोळीचा स्पंज कोरडा. सायकॉनचा फुलदाणीसारखा आकार आणि वरचं मोठं छिद्र स्पष्ट दिसतं, त्यामुळे लेबल झाकूनही तो ओळखता येतो. पण कंटिका आत शिल्लक आहेत की विरघळल्या, हे नुसतं पाहून कळत नाही. त्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा स्लाइडवर घ्यावा, त्यावर सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि १५-२० मिनिटं थांबावं. मांसल भाग विरघळतो. उरलेला गाळ पाण्याने हलकेच दोनदा धुवून १०० पट मोठा करून पाहिला की तीन टोकांच्या काचेसारख्या काड्या दिसायला हव्यात. धुणं टाळू नये, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. धुऊन झाल्यावर आच्छादन काचेच्या कडेने पातळ व्हिनेगरचा एक थेंब सोडला की बुडबुडे येत त्या काड्या नाहीशा होतात, आणि कंटिका चुनखडीच्या असतात हे विद्यार्थ्याला पाठ न करता कळतं. हाच प्रयोग आंघोळीच्या स्पंजावर केला तर काहीच सापडणार नाही. त्याच्यात कंटिका नसतातच, फक्त स्पॉंजिन या प्रथिनाचे तंतू असतात, आणि ब्लीचमध्ये तेही विरघळतात. पुस्तिका मात्र ‘सर्व रंध्री प्राण्यांत (म्हणजे स्पंजांत) कंटिका असतात’ असं ठासून सांगते. ही ओळ खोडायला हवी.

निडारियाच्या, म्हणजे दंशपेशी असलेल्या प्राण्यांच्या, तीन बरण्यांत ऑरेलिया हा जेलीफिश उत्तम आहे. छत्रीच्या मध्यभागी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चार जननग्रंथी स्पष्ट दिसतात, आणि चाराच्या पटीतली अरीय सममिती बोटाने दाखवता येते. ही बरणी कधीही अल्कोहोलमध्ये हलवू नये. जेलीफिशच्या शरीरात सुमारे ९५ टक्के पाणी असतं, अल्कोहोल ते ओढून घेतं आणि हाती सुरकुतलेला पापुद्रा उरतो. समुद्रफुलाची बरणी मात्र वाया गेली आहे. प्राणी आधी मॅग्नेशियम क्लोराइडने किंवा मेंथॉलने शिथिल न करता थेट फॉर्मलिनमध्ये टाकला की तो तोंडाभोवतीची शुंडकं आत ओढतो, आणि बरणीत मातीच्या गोळ्यासारखं काहीतरी उरतं. लेबल झाकलं तर हे कुठलंही गाठोडं असू शकतं. ही चूक नंतर सुधारता येत नाही. गोळा उभा कापून दोन भाग केले तर निदान आतले पडदे दिसतात, तेवढाच उपयोग.

तिसऱ्या बरणीत फायसेलिया आहे आणि तिच्यावर ‘जेलीफिश’ असं लिहिलं आहे. ते चूक आहे. फायसेलिया म्हणजे तरंगणारी वसाहत आहे. फुगा, खाद्यजीव, जननजीव आणि दंश करणारे जीव ही वेगवेगळी कामं करणारी एककं एकत्र जोडलेली असतात, आणि तिचा वर्ग हायड्रोझोआ. किनाऱ्यावर वाळलेल्या फायसेलियाच्या दंशपेशीही दंश करू शकतात, म्हणून नमुना बाहेर काढताना हातमोजे हवेतच.

चपट्या कृमींच्या दोन बरण्यांपैकी यकृत कृमीची बरणी फक्त आकार दाखवण्यापुरती आहे, खरी माहिती स्लाइडमधून मिळते. पट्टकृमीच्या बरणीवर ‘टीनिया सोलियम’ असं लिहिलं आहे, पण आतल्या पट्टीला डोकंच नाही. लांब पट्टी काढताना शीर्ष तुटून मागे राहणं ही नेहमीची गोष्ट. पण शीर्षाशिवाय हा सोलियम आहे असं म्हणायचं कशाच्या आधारावर? सोलियमच्या शीर्षावर चार चूषक आणि दोन वर्तुळांत २२ ते ३२ आकडे असतात, टीनिया सॅजिनाटा या दुसऱ्या पट्टकृमीला आकडे नसतात. शीर्ष नसेल तर एक मार्ग उरतो: पट्टीच्या शेवटचा, पूर्ण वाढलेला खंड दोन स्लाइडमध्ये दाबून उजेडासमोर धरायचा आणि गर्भाशयाच्या फांद्या मोजायच्या. एका बाजूला ७ ते १३ फांद्या असतील तर सोलियम, त्याहून जास्त, १५ च्या पुढे असतील तर सॅजिनाटा. संचातली शीर्षाची वेगळी स्लाइड मात्र सुंदर आहे. आकड्यांची दोन्ही वर्तुळं एकाच पातळीत स्पष्ट दिसतात.

अस्कॅरिस या गोलकृमीच्या बरणीत नर आणि मादी दोघेही आहेत, आणि या संचातली ही सगळ्यांत प्रामाणिक बरणी म्हणावी लागेल. मादी लांब आणि सरळ, नर आखूड आणि शेपटीकडे वळलेला. लहान भिंगातून पुढच्या टोकाचे तीन ओठ दिसतात. खंड नाहीत, चूषक नाहीत, दोन्ही टोकं निमुळती. लेबलची गरजच नाही.

वलयी प्राण्यांच्या बरण्यांत संचाची सर्वांत मोठी चूक आहे. पुस्तिकेत गांडुळाचं वर्णन फेरेटिमा या प्रकाराचं आहे: मेखला (शरीरावरचा जाड पट्टा) १४ ते १६ व्या खंडांवर, दृढरोम (राठ केस) प्रत्येक खंडावर कड्यासारखे, नरजननछिद्रं १८ व्या खंडावर. बरणीत मात्र लुंब्रिकस हा दुसरा प्रकार आहे. त्याची मेखला ३२ ते ३७ व्या खंडांवर खोगीरासारखी असते, दृढरोम प्रत्येक खंडावर फक्त आठ, चार जोड्यांत, आणि नरजननछिद्रं १५ व्या खंडावर. विद्यार्थी पुस्तिका समोर ठेवून खंड मोजू लागला की त्याचं गणित जुळणार नाही, आणि बहुतेक जण आपलंच मोजणं चुकलं असं समजून पुस्तिकेतला आकडा उतरवून काढतील. निरीक्षणापेक्षा छापील ओळ खरी मानायची सवय अशीच लागते, आणि म्हणून ही चूक क्षुल्लक नाही. मागणी देतानाच कोणतं गांडूळ देणार हे विचारून घ्यावं. मिळालेला नमुना कोणता हे ओळखायला मेखला पुरेशी आहे: ती डोक्याच्या अगदी जवळ आणि चहूबाजूंनी बंद कडं असेल तर फेरेटिमा, बरीच मागे आणि पोटाकडे उघडी असेल तर लुंब्रिकस.

नेरीस छान आहे. परापाद (बाजूचे पायांसारखे अवयव) पसरलेले आहेत, डोक्यावरचे चार डोळे दिसतात. जळूच्या दोन्ही टोकांचे चूषक स्पष्ट आहेत, पण बाहेरून दिसणारी कडी म्हणजे खंड नव्हेत, हे पुस्तिकेने सांगायला हवं होतं. जळूला खंड ३३च असतात. मधल्या भागातल्या एकेका खंडावर पाच-पाच कडी असतात, म्हणून कडी मोजणाऱ्याचा आकडा शंभराजवळ जातो.

संधिपादांना सहा बरण्या दिल्या आहेत आणि हा हिशेब योग्य आहे. कोळंबीची बरणी आखूड असल्याने लांब स्पर्शिका दुमडून तुटल्या आहेत. पाय आणि उपांगं फॉर्मलिनने कडक झाली आहेत, त्यामुळे उपांगं सोडवून मांडायचा प्रयोग करायचा असेल तर आधी रात्रभर पाण्यात ठेवावी आणि मग थोडं ग्लिसरीन घातलेल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये. सोडवताना शेपटीकडून सुरुवात करावी. तोंडाजवळची उपांगं लहान आणि एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे पुढून सुरुवात केली की पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळ होतो. एकूण १९ जोड्या लागायला हव्यात: डोक्याच्या ५, वक्षाच्या ८, उदराच्या ६.

गोम आणि वाणी या दोघांना शेजारी-शेजारी ठेवून शिकवायचं असतं, आणि इथे वाणीने घोटाळा केला आहे. गोम सरळ ताणून काचेच्या पट्टीला बांधली आहे. प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी, एकूण २१ जोड्या, डोक्याखाली विषारी नख्या, सगळं दिसतं. वाणी मात्र गुंडाळी करून बसलेला आहे. प्रत्येक खंडावर पायांच्या दोन जोड्या हे त्याचं ओळखीचं लक्षण त्या गुंडाळीत दडलं आहे. शिवाय मोजायचं कुठून हेही महत्त्वाचं. वाणीच्या मानेच्या खंडावर पाय नसतात आणि त्यापुढच्या तीन खंडांवर एकेकच जोडी असते. मानेकडून मोजायला सुरुवात केली तर विद्यार्थ्याला एकच जोडी दिसते आणि तो ‘ही गोमच आहे’ म्हणून मोकळा होतो. शरीराच्या मधल्या भागातच मोजावं. विंचवाच्या पोटाखालचे कंगव्यासारखे अवयव शाबूत आहेत, खेकडा नर आहे की मादी हे पोटाच्या त्रिकोणी की रुंद झाकणावरून सांगता येतं, आणि झुरळाबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

एक प्राणी या संचात नाही आणि तो असायलाच हवा होता: बार्नेकल. खडकाला चिकटलेलं चुनखडीचं कवच बघून एके काळी तो मृदुकाय मानला जात असे. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्याची पोहणारी अळी पाहून तो कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला असल्याचं दाखवलं, आणि पुढे डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्यांच्या अभ्यासाला दिली. लेबल झाकून ओळखायच्या कसोटीचा यापेक्षा चांगला धडा नाही. क्रस्टेशियन अळीची, नॉप्लिअसची, स्लाइड संचात आहेच. शेजारी बार्नेकल ठेवला की काम झालं असतं.

मृदुकायांच्या चार बरण्यांत माकूळ, म्हणजे सेपिया, सरस. आठ बाहू, दोन लांब शुंडकं, मोठे डोळे, सगळं जागच्या जागी. कायटनच्या पाठीवरच्या आठ पट्ट्या दिसतात, पण तो वाकला असल्याने खालचा पाय दिसत नाही. शिंपला घट्ट मिटलेला आहे. मारण्याआधी दोन शिंपांच्या मध्ये लाकडाची काडी अडकवली असती तर प्रावार (आतला मांसल पडदा) आणि कल्ले दिसले असते. पायला ही गोगलगायही कवचात शिरून बसली आहे, बाहेर फक्त झाकण.

तारामासा तोंडाची बाजू पुढे करून काचेच्या पट्टीला बांधला आहे, त्यामुळे नालपादांच्या रांगा छान दिसतात. पाठीवरची चाळणीसारखी तबकडी, जिच्यातून जलसंवहनी संस्थेत पाणी शिरतं, ती मात्र पट्टीमागे गेली आहे. दोरा सोडून नमुना उलटा बांधता येतो, पण त्याआधी भुजा हलकेच दाबून बघाव्यात. त्या रबरासारख्या लवचीक लागल्या तर द्रव आम्लधर्मी होऊन आतल्या चुनखडीच्या पट्टिका झिजल्या आहेत असं समजावं. समुद्रकाकडी लेबल झाकल्यावर जाड अळीसारखी दिसते. अशा वेळी तिच्या लांबीभर नालपादांच्या पाच रांगा शोधाव्यात. पोट रिकामं असलं तर आश्चर्य वाटू देऊ नये. त्रास झाला की ही आपली आतडी बाहेर टाकते आणि मारतानाही बरेचदा तेच होतं. बॅलॅनोग्लॉसस हा कृमीसारखा समुद्री प्राणी तीन तुकड्यांत आला. अतिशय ठिसूळ प्राणी असल्याने त्याला काचेच्या पट्टीचा आधार सर्वांत आधी द्यायला हवा होता. सोंड, गळपट्टी आणि धड हे तीन भाग तरी बरणीच्या तळाशी ओळखता येतात.

आता स्लाइड. या संचाचं खरं मोल इथे आहे. प्लॅनेरिया (एक चपटा कृमी), अस्कॅरिस आणि गांडूळ या तिघांचे आडवे छेद एकाच रंगसंगतीत, एकाच सुबकतेने दिले आहेत. देहगुहा, म्हणजे शरीराची भिंत आणि आतडं यांच्यामधली पोकळी, शिकवायला यापेक्षा चांगलं साधन नाही. तिन्ही स्लाइड याच क्रमाने, आधी ४ पटीच्या भिंगाखाली आणि मग १० पटीच्या भिंगाखाली पाहाव्यात. प्लॅनेरियात त्वचा आणि आतड्याच्या मधली सगळी जागा पेशींनी भरलेली, म्हणजे देहगुहा नाही. अस्कॅरिसमध्ये मोकळी जागा आहे, पण स्नायू फक्त बाहेरच्या भिंतीला, आतड्याची भिंत एकाच पेशीथराची आणि स्नायूविना, म्हणजे छद्म देहगुहा. गांडुळात आतड्याभोवतीही स्नायूंचा थर आहे आणि मोकळी जागा दोन्ही बाजूंनी अस्तराने मढवलेली, म्हणजे सत्य देहगुहा. ‘मोकळी जागा आहे का?’ आणि ‘आतड्याला स्वतःचे स्नायू आहेत का?’ हे दोनच प्रश्न विचारत गेलं की तिघांतला फरक कळतो. गांडुळाच्या छेदावर काही समांतर चरे आहेत. आतड्यात माती शिल्लक असताना छेद घेतला की वाळूचे कण पात्याला खाचा पाडतात, त्याच या रेघा. शिकवण्यात त्यांचा अडथळा होत नाही.

हायड्राची स्लाइड मुकुलासह (अंगावर फुटलेल्या कळीसह) आहे, ओबेलियात खाद्यजीव आणि जननजीव दोन्ही वेगळे दिसतात. यकृत कृमीची स्लाइड जाड आहे. तिच्यावर ४० पटीचं भिंग फिरवू नये, ते आच्छादन काचेला टेकून स्लाइड फुटते. अमीबा, पॅरामेशियम आणि युग्लिना यांच्या तीन स्लाइड प्राण्यांच्या संचात कशासाठी, हे कळत नाही. ते एकपेशीय सजीव आहेत आणि आजच्या वर्गीकरणात प्राणिसृष्टीत मोडत नाहीत. त्या जागी रोटिफर, ब्रायोझोआ आणि स्पंजाच्या कंटिका दिल्या असत्या तर पुस्तिकेत नुसतेच नावाने येणारे संघ डोळ्यांनी पाहता आले असते.

तक्ता जुना आहे. त्यात वलयी आणि संधिपाद शेजारी, एकाच फांदीवर दाखवले आहेत, कारण दोघांचंही शरीर खंडित. १९९७ मध्ये जनुकीय अभ्यासावरून संधिपाद आणि गोलकृमी हे कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या एका मोठ्या गटात, एक्डायसोझोआत, एकत्र आले. वलयी प्राणी मृदुकायांच्या बाजूला, लोफोट्रोकोझोआत गेले. तक्त्यातला ‘सीलेंटराटा’ हा संघही आता निडारिया आणि कंकतधर असा विभागलेला आहे. परीक्षेचा अभ्यासक्रम जुनी नावं वापरत असेल तर तक्ता फेकू नये. वर दोन बाणांची एक चिठ्ठी चिकटवली तरी भागतं. तारामासा आणि बॅलॅनोग्लॉसस गांडुळापेक्षा आपल्याला जवळचे आहेत, हेही त्याच चिठ्ठीवर लिहावं. ‘अपृष्ठवंशीय’ हा एकसंध गट नाही, कणा नसलेल्या सगळ्यांची ती नुसती एकत्र मोट आहे, हे त्यातूनच उमगतं.

झाकणं प्लॅस्टिकची आहेत आणि आत पॉलिथिलिनचं अस्तर आहे, ही चांगली गोष्ट. धातूची झाकणं फॉर्मलिनच्या वाफेने गंजतात. दर तीन महिन्यांनी द्रवाची पातळी बघावी. अल्कोहोलच्या बरण्यांत पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं, त्यामुळे नुसती भर घालत राहिलं तर द्रव दरवेळी पातळ होत जातो. पातळी खूप उतरली असेल तर सगळा द्रव बदलावा. बरण्या उन्हात ठेवू नयेत, स्लाइड बंद पेटीत आडव्या ठेवाव्यात. स्लाइडमधल्या इओसिन या रंगद्रव्याचा रंग प्रकाशात फिका पडतो.

नुसत्या स्लाइड वेगळ्या मिळत असतील तर त्या नक्की घ्याव्यात. बरण्या मात्र मागणीत पुढील अटी लिहूनच घ्याव्यात: चुनखडीचे सगळे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये, समुद्रफूल शिथिल करून मारलेलं, वाणी सरळ ताणलेला, शिंपला उघडा, पट्टकृमी शीर्षासह, आणि गांडूळ पुस्तिकेत वर्णन केलंय तेच.